खाडीकाठी धक्का, बाग की टॉवर?

खाडीशेजारी

मंडळी, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोरात जुंपली आहे. तिथे शब्दाला शब्द वाढतो आणि गाडी शेवटी मेंटेनन्सच्या थकबाकीवर घसरते, म्हणून विषय इथे आणला.

मी कोलशेतला राहतो. समोर उल्हासची खाडी, पलीकडे काल्हेर-कशेळीची गोदामं. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कल्याण–ठाणे–मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदी हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ५३ म्हणून आला. तेव्हापासून कोलशेत, कल्याण, मीरा-भाईंदर, वसई इथल्या जेट्ट्यांबद्दल ऐकतोय. वसई–भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, २०२४ च्या फेब्रुवारीत सुरूही झाली. त्यात बाळकुम ते गायमुख असा सुमारे १३ किलोमीटरचा खाडीकिनारा रस्ता ठरलाय. म्हणजे काठाला जी काही जमीन उरली आहे तिच्यावर आता सगळ्यांचा डोळा.

ग्रुपवर तीन तट पडलेत. एकांना जॉगिंग ट्रॅक, कारंजी, सेल्फी पॉइंट हवाय. दुसऱ्यांना धक्का आणि त्यामागे दुकानं, पार्किंग. तिसरे म्हणतात, तिवरं (कांदळवन) आहेत, हात लावू नका.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. काठ वाढवता येत नाही. पाण्याशिवाय ज्याचं चालतच नाही त्याचा हक्क पहिला: होडी लावणं, मासळी उतरवणं, माल चढवणं, भरतीच्या पाण्याला पसरायला जागा देणं. जॉगिंग कुठेही होतं. लग्नाचा हॉल हायवेलाही चालतो. पण मग धक्क्यामागच्या दोन-तीनशे मीटर जमिनीत नेमकं काय ठेवावं आणि काय येऊ देऊ नये? नियोजनातलं कळणाऱ्यांनी आणि खाडीत पाय बुडवलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

मंद_वारा

सतरंजी टाकून बसलेय. वाचतेय.

पारसिकचा_बोका

तीन पर्याय कसले? चौथा, म्हणजे टॉवर, आधीच येऊन बसलाय आणि त्याच्या गॅलरीतून धागाकर्ते हा धागा टंकतायत. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

खाडीशेजारी

घेतले. बरेच झालेत, दिवाळीला उपयोगी पडतील.

जुना_आराखडा

नगररचनेत नोकरी गेली, आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आपल्याकडे विकास आराखडा तयार होतो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली. त्यात आधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावा लागतो: आज कुठे काय आहे ते. गोम इथेच आहे. सर्वेक्षणाला माणूस जातो तेव्हा ओहोटी असेल तर त्याला चिखल दिसतो, आणि नकाशावर ‘मोकळी जमीन’ उमटते. तिथे जाळी वाळत असतील, होड्या उलट्या घालून डांबर लावणं चालू असेल, तरी त्याला वेगळा रंग नाही. मग ‘मोकळ्या’ जमिनीवर आरक्षण टाकायला, म्हणजे ती एखाद्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवायला, कुणाला दुःख होत नाही.

धक्क्याचं आरक्षण म्हणजे नकाशावर काठाला टेकलेला एक छोटा चौकोन. त्याला रस्ता किती रुंद, बस कुठे वळणार, बर्फाची गाडी कुठे उभी राहणार, भरतीला चढ किती, ओहोटीला उतार किती, हे त्या चौकोनात मावत नाही. धक्का बांधायचं काम सागरी मंडळाचं, मागची जमीन महापालिकेची किंवा खासगी, तिवरं वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, रस्ता एमएमआरडीएचा. प्रत्येक जण आपल्या हद्दीपर्यंत चोख काम करतो. दार चौथ्या मजल्यावर आणि जिना शेजारच्या इमारतीत, असं ते घर होतं.

आणि एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात ४८ अधिसूचित लहान बंदरं आहेत. त्या यादीत ठाणे, कल्याण, भिवंडी ही नावं आहेत. पनवेल आणि उलवा-बेलापूरही आहेत. कागदोपत्री आपण सगळे बंदरात राहतो.

मंद_वारा

भिवंडी बंदर!! पॉवरलूम सोडून काही आठवलं नव्हतं कधी.

गावदेवी_मैदान

अवांतर आहे, पण राहवत नाही. कल्याणचं बंदर सातवाहनांच्या काळापासूनचं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी आहेत. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली १६५७ मध्ये, आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात त्याच खाडीत झाली. दुर्गाडी किल्ला खाडीच्या काठावर उगाच नाही. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. आज तिथे तुरुंग आहे. मग १८५३ ला बोरीबंदर–ठाणे रेल्वे आली, पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत गेली, आणि होड्यांचा माल डब्यांत गेला. जमिनीचा भाव काठापासून सरकला तो स्टेशनाकडे. आजही आपण घर विकताना ‘स्टेशनपासून किती मिनिटं’ हेच विचारतो.

पारसिकचा_बोका

आले, सातवाहन आले. पाचव्या प्रतिसादाच्या आत येतात असा माझा अंदाज होता, या वेळी जरा उशीर झाला.

गावदेवी_मैदान

बोकोबा, पुढच्या वेळी सिलाहारांपासून सुरू करतो.

संपादक_मंडळ

शिलाहार. आणि विषयावर या, प्लीज.

नाखवा_चेंदणी

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. आम्ही चेंदणीचे कोळी. आजोबांची होडी मीठबंदराला लागायची. मला नियोजनातलं कळत नाही, खाडीतलं कळतं.

खाडीकाठ सुशोभित करतात तेव्हा पहिलं काय येतं? कठडा. स्टीलचा, चकचकीत. त्याच्या आत झाडं, बाकं, दिवे, आणि खाडीकडे उतरायची वाट बंद. एका ठिकाणी असं झालं की आमच्या माणसांना होडीपर्यंत जायला कठड्यावरून चढून जावं लागलं, आणि वॉचमन शिट्टी मारत होता. नाव घेत नाही. शेवटी एक फाटक ठेवलं, त्याला कुलूप, आणि चावी संध्याकाळी सहानंतर मिळत नाही. भरती घड्याळ बघून येते काय?

धक्का पाहिजे का, तर पाहिजे. पण कुठला? उंच काँक्रीटचा धक्का मोठ्या बोटीला चालतो. आमच्या होडीला पायऱ्या लागतात किंवा उतरता रॅम्प. आमच्याकडे उधाणाला आणि ओहोटीला पाण्यात माणूस-दीड माणूस नाही, त्याहून जास्त फरक पडतो. उधाणाला धक्क्याला पाणी लागतं, ओहोटीला खाली नुसता रेंदा.

मागे काय लागतं ते सांगतो. जाळी पसरायला आणि तुणायला सपाट जागा. सावली. गोडं पाणी. बर्फाची गाडी मागे घेता येईल एवढा रस्ता. बायकांना मासळी वाटून घ्यायला ओटा, आणि ओट्याला नाली. बस. याला दोन-तीनशे मीटर लागत नाहीत.

खाडीशेजारी

नाखवा, याच उत्तरासाठी धागा काढला होता. एक विचारू? मासळी अजून मिळते का आमच्या बाजूला?

नाखवा_चेंदणी

बोय मिळते, निवटी मिळते, चिंबोरी मिळते, पावसाच्या आधी कोलंबी. पूर्वीसारखी नाही. वरून उल्हासनगर, डोंबिवलीचं पाणी येतं, शहराचं सांडपाणी येतं. कधी मासळीला रॉकेलचा वास येतो, मग गिऱ्हाईक परत आणून देतं.

सुरमई_सुहास

निवट्याचं कालवण ज्याने खाल्लं नाही त्याने खाडीवर मत देऊ नये.

वांगणी_लोकल

मत देतो, मी शाकाहारी असलो तरी. :)

हांबुर्गवाली

मी मूळची नौपाड्याची, सध्या हांबुर्गला. ते एल्बे नदीवरचं बंदर, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत. जुन्या गोद्या मोठ्या कंटेनर जहाजांना पुरेना झाल्या तसं बंदर नदीच्या दक्षिणेला सरकलं आणि शहराजवळची १५७ हेक्टर जागा मोकळी झाली. तिथे हाफेनसिटी नावाचा भाग उभा राहिला. मूळ आराखडा २००० सालचा आणि बांधकाम अजून चालू आहे. यातूनच कळेल की त्यांना घाई नव्हती.

तीन गोष्टी सांगण्यासारख्या. १९६२ च्या फेब्रुवारीत समुद्राचं तुफान पाणी नदीतून वर आलं आणि हांबुर्गमध्ये ३०० हून जास्त माणसं गेली. हा भाग पूरभिंतीच्या बाहेर आहे. म्हणून नव्या इमारतींचे जोते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरपर्यंत उचलले, पण धक्क्यालगतची फिरायची वाट खालीच ठेवली. ती कधीकधी पाण्याखाली जाते आणि कुणी तक्रार करत नाही, कारण ती तशीच आखलेली आहे.

दुसरं, जमीन शहराच्या मालकीची. बिल्डरला आधी काही काळ जागा राखून देतात, त्या मुदतीत त्याने आराखडा पक्का करून परवानगी आणायची, त्यानंतर व्यवहार. नुसता प्लॉट अडवून भाव वाढायची वाट बघता येत नाही.

तिसरं मला सगळ्यात आवडलं. पलीकडे बंदर रात्रंदिवस चालतं, क्रेनचा आवाज येतो. नव्या रहिवाशांनी उद्या ‘झोप येत नाही, बंदर बंद करा’ म्हणू नये म्हणून बंदराचा आवाज सहन करण्याचं बंधन घराच्या कागदपत्रांतच घातलंय. खिडक्याही अशा की अर्धवट उघड्या ठेवल्या तरी आत आवाज कमी येतो. आधी बंदर होतं, तुम्ही नंतर आलात, एवढं सरळ.

नाखवा_चेंदणी

ताई, हे इथे आणा. सुकटीचा वास येतो म्हणून आमच्यावर अर्ज करणारे लोक आमच्यानंतर आले.

लेक_व्ह्यू_नको

बाजू दुसरीही आहे. लोकांनी दीड-दोन कोटी भरलेत, ‘क्रीक व्ह्यू’ असं छापून विकलंय. त्यांना सुकटीचा वास आणि पहाटे चारला डिझेल इंजिन नको असेल तर तो गुन्हा कसा? प्रत्येक वेळी फ्लॅटवाल्याला खलनायक करू नका.

जुना_आराखडा

गुन्हा नाहीच. म्हणून तर जमीनवापराचे पट्टे असतात. एकमेकांच्या अंगावर येणारे वापर शेजारी ठेवायचे नाहीत, आणि ठेवावेच लागले तर मध्ये मैदान, शाळा, गोदाम असं काहीतरी घालायचं. आपल्याकडे निवासी पट्टा थेट भरतीरेषेच्या नियमाला जाऊन भिडतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाडीकाठची ती हद्द भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. २०११ च्या अधिसूचनेत हीच हद्द १०० मीटर होती. वाचलेल्या ५० मीटरमध्ये मैदान आलं की बांधकाम, ते तुम्हीच बघा.

धागाकर्त्यांचा मुद्दा नवा नाही, हेही सांगतो. १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून कायदा हेच म्हणत आलाय की काठावर उद्योग नको, अपवाद ज्याला थेट पाण्याची गरज आहे त्याचा. तत्त्व कायद्यात आहे. आराखड्याच्या रंगांत ते उतरत नाही.

तिवराची_बाजू

‘ज्याला पाण्याची गरज आहे’ या यादीत पहिलं नाव तिवरांचं लिहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवन तोडायला बंदी आहे, भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा आहे, आणि सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाकडून परवानगी घ्यावी लागते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असंही जाहीर झालं. धागाकर्त्यांची खाडी वेगळी, तिथे अभयारण्य नाही, पण पाणी एकच आहे.

मला जेट्टीचं वावडं नाही. खांबांवरची, पाणी खालून खेळू देणारी जेट्टी असेल तर बोलू. भराव टाकून केलेली वाट हा खरा घोळ. तिच्या एका बाजूचं पाणी अडतं, तिवरं उभ्या उभ्या सुकतात, आणि दोन वर्षांनी कोणीतरी म्हणतं ‘इथे कुठे कांदळवन आहे?’

खाडीशेजारी

पाणी एकच कसं? आमची वसईला जाते ना?

तिवराची_बाजू

उल्हास ठाण्याच्या वर दुभंगते. मोठी शाखा तुमच्या समोरून घोडबंदर करत वसईला, आणि एक अरुंद फाटा कळव्यावरून दक्षिणेला ठाणे खाडीत. भरतीही दोन्हीकडून चढते. ठाणं एका परीने बेटावर आहे.

कंटेनर_काका

मी तीस वर्षं वाहतूक व्यवसायात, सध्या मुलाकडे सोपवलंय. जलमार्गाच्या गप्पा निघाल्या की सगळे म्हणतात ‘न्हावाशेव्याचे कंटेनर बार्जने भिवंडीला आणा, मुंब्रा बायपास मोकळा होईल’. ऐकायला झकास. आता हिशेब मांडा.

न्हावाशेव्याहून बार्ज निघाली, वाशीचे पूल, ऐरोलीचा पूल, इथपर्यंत ठीक. पुढे कळवा. रस्त्याचे पूल, रेल्वेचे पूल, पाण्याच्या पाइपलाइनी. भरतीला खोली मिळते तेव्हा पुलाखालची उंची कमी होते. ओहोटीला उंची मिळते तेव्हा तळ लागतो. दुसरा मार्ग बाहेरून, मुंबईला वळसा घालून वसईच्या तोंडातून. पावसाळ्याचे चार महिने उघड्या समुद्रात सपाट बार्ज कोण घालणार? आणि बंदरावर एकदा चढवणं, इथे उतरवणं, पुन्हा ट्रेलरवर चढवून गोदामात. क्रेन फुकट येत नाही. साठ-सत्तर किलोमीटरसाठी ट्रक स्वस्त पडतो.

चालेल ते वेगळं. सिमेंट, खडी, लोखंड, जे एका ढिगाने येतं आणि ज्याला घाई नाही ते. आणि माणसं.

डोंबिवली_फास्ट_नाही

रेती राहिली, काका.

कंटेनर_काका

रेती राहिली कुठे? ती तर संपवली. मुंब्रा, कळवा, डोंबिवलीची रेतीबंदरं त्याच्यावरच उभी होती. पूर्वी माणूस डुबी मारून बादलीने काढायचा, नंतर सक्शन पंप आले. काठ ढासळायला लागले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली, मग नियम, परवाने, लिलाव, आणि रात्रीचा धंदा. बंदराच्या जमिनीवर रेतीचे ढीग होते तेव्हा निदान ती बंदराचीच होती. ढीग गेले आणि झोपड्या, गॅरेजं, भंगारवाले आले. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं एक उत्तर यात आहे: धक्क्यामागची जमीन रिकामी ठेवलीत तर ती रिकामी राहत नाही.

बेलापूरची_सून

आता माझा अनुभव. बेलापूर जेट्टीवरून २०२२ च्या फेब्रुवारीत वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा आम्ही हौसेने गेलो होतो. भाऊच्या धक्क्यापर्यंत कॅटामरानचं तिकीट २९० रुपये, स्पीडबोटीचं ८०० च्या पुढे. बोट सुंदर. पण स्टेशनवरून जेट्टीपर्यंत रिक्षा, पलीकडे भाऊच्या धक्क्यावरून ऑफिसपर्यंत टॅक्सी. वेळ वाचला तो रिक्षा शोधण्यात गेला. जेट्टीच्या आसपास उतरून चालत जावं असं एकही ऑफिस नाही, बसचा थांबा नाही, साधा चहाही नाही.

सिडकोने नवी मुंबई वसवली रेल्वेभोवती. स्टेशनच्या वर ऑफिसं, भोवती सेक्टर, ते उत्तम जमलं. पण सगळ्या नोडांची (उपनगरांची) पाठ खाडीकडे आहे. जेट्टी मागाहून पाठीला चिकटवली.

होवरक्राफ्ट_आठवणी

नव्वदच्या दशकात नवी मुंबईला होवरक्राफ्ट यायचं, आठवतंय का कुणाला? चिखलावरूनही चालायचं. आम्ही पोरं बघायला जायचो. तिकिटाचे पैसे वडिलांनी कधी दिले नाहीत.

बेलापूरची_सून

वडील शहाणे होते, ते बंद पडलं.

डेबिट_क्रेडिट

म्हणजे निष्कर्ष: प्रवासी नाहीत म्हणून बोट नाही, बोट नाही म्हणून प्रवासी नाहीत. मग सरळ बाग करा ना. बाग रोज हजार माणसं वापरतात. धक्का दिवसातून चाळीस माणसं वापरतील. पैसा करदात्यांचा आहे.

हांबुर्गवाली

बाग केली की ती पुन्हा धक्का होत नाही. धक्का ठेवला तर संध्याकाळी तिथे फिरता येतं. उलट्या दिशेला परतीची वाट नाही, हा माझा आक्षेप.

डेबिट_क्रेडिट

हे पटलं, पण ‘उद्या लागेल’ म्हणून जागा अडवून ठेवायची किंमत कोण मोजणार?

जुना_आराखडा

कायद्यात त्यालाही मर्यादा आहे. आरक्षण टाकून १० वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही की मालक कलम १२७ ची नोटीस देतो, पुढच्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. धक्क्याची आरक्षणं अशीच गळतात. म्हणून खासगी जमिनीवर मोठं बंदर-आरक्षण टाकण्यापेक्षा सरकारी जमिनीचा छोटा तुकडा आणि त्याला जाणारा रुंद रस्ता पक्का करावा, असं माझं मत. रस्ता असला की बाकीचं नंतर येतं. खाडीकिनारा रस्ता मात्र भिंतीसारखा मध्ये उभा राहिला आणि त्याखालून होडीवाल्याला, बर्फाच्या गाडीला, बसला वाट ठेवली नाही, तर पलीकडे काहीही आखा. त्या रस्त्याच्या नकाशात खालून वाट कुठे आहे ते आधी बघा. या क्षणी कोलशेतकरांनी भांडावं ते तिथे.

कोलकात्याचा_कोकणी

नोकरीनिमित्त सात-आठ वर्षं कोलकात्यात आहे. देशातलं नदीवरचं एकमेव मोठं बंदर. समुद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर आत. दोन गोष्टी शिकलो.

गाळ. हुगळीचा गाळ उपसता उपसता बंदर थकलं. फराक्क्याचा बंधारा १९७५ मध्ये त्यासाठीच, गंगेचं पाणी वळवून गाळ धुवायला. मोठ्या जहाजांसाठी खाली हल्दिया काढावं लागलं. नदीबंदर आखताना एकदाचा खर्च नसतो, दरवर्षीचा असतो. उपसलेला गाळ टाकायला जमीन लागते, ती तुमच्या दोन-तीनशे मीटरमध्ये धरली आहे का?

आणि भाडेपट्टे. बंदराच्या मालकीची हजारो एकर जमीन शहराच्या मधोमध. जुनी गोदामं, संपलेले पट्टे, खटले. बंदर सुकलं तरी जमीनदार तगडा. हे टाळायचं तर पट्टे लहान मुदतीचे द्या आणि वापर कागदावर बांधून टाका.

तिवराची_बाजू

गाळ तिवरांत टाकायचा नाही, एवढं मी आत्ताच लिहून ठेवते.

वांगणी_लोकल

शाकाहारी पुन्हा हजर. आतापर्यंत सगळं भरतीबद्दल चाललंय. उल्हास ही नदी आहे हो, वरून पाणी येतं. २६ जुलै २००५ ला बदलापूर, कल्याण बुडालं ते समुद्राने नाही. २७ जुलै २०१९ ला आमच्या वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी काढले. हांबुर्गने जोते उचलले, छान. आमच्याकडे खाली भराव टाकून जोते उचलले की पाणी वर थांबतं. वरून पूर आणि खालून उधाण एकाच वेळी आलं की भरावाचा प्रत्येक ट्रक आमच्या घरात मोजला जातो. तेव्हा धक्क्यामागच्या जमिनीत सखल भाग सखलच ठेवा. मैदान ठेवा, जाळी वाळवा, बाजार भरवा, पाणी आलं तर येऊ द्या.

खाडीशेजारी

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. हाफेनसिटीची ती बुडणारी वाट आणि तुमचं सखल मैदान एकाच ठिकाणी बसू शकतात.

हांबुर्गवाली

बसतील. फक्त कारंजी आणि एलईडीची झाडं तिथे लावू नका. :)

लेक_व्ह्यू_नको

एलईडीची झाडं लागणारच. पैज.

मुलुंड_पूर्व

उशिरा आलो. सगळं वाचलं. माझा प्रश्न भाबडा आहे: जो काठ खरंच मोकळा आहे तो किती? तिवरं, त्यांचे ५० मीटर, रस्ता, पूल, सोसायट्यांच्या भिंती वजा करून?

तिवराची_बाजू

मोजायला गेलात तर उरते ती बहुधा जुन्या बंदरांचीच जागा. पूर्वीच्या लोकांनी धक्का केला तो जिथे काठ कठीण होता आणि पाणी जवळ होतं तिथे. नागला बंदर, घोडबंदर, कोलशेत. म्हणून तर भांडण तिथेच आहे.

खाडीशेजारी

सोसायटीतर्फे सूचना लिहायची झाली तर मी साधारण असं मांडणार आहे. सध्याची होडी लावायची जागा जमीनवापराच्या नकाशात दाखवा. पायऱ्या आणि रॅम्प, कठड्याला कुलूप नाही. रस्त्याखालून बस जाईल एवढी वाट. धक्क्यालगत सखल मोकळं मैदान, भराव नाही. बाजाराचा ओटा नालीसकट. कायमचं बांधकाम मैदानाच्या मागे, आणि तिथे राहायला येणाऱ्याच्या करारात धक्क्याच्या वासा-आवाजाची अट. गाळाचं काय ते मला अजून सुचलेलं नाही.

जुना_आराखडा

बरं आहे. ‘मांडणार’ वगैरे राहू द्या, सर्व्हे नंबर आणि नकाशाचा शीट नंबर घाला, नाहीतर सुनावणीत दोन मिनिटांत ‘नोंद घेतली’ होतं. आराखड्यातल्या फेरबदलाच्या कलम ३७ च्या नोटिसा वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येतात, हरकतीला महिनाभर मिळतो. पेपर आतल्या पानापासून वाचायची सवय लावा. करारातली अट इथल्या कायद्यात बसवणं कठीण, पण लिहा. कोणीतरी पहिल्यांदा लिहावं लागतं. आणि सुनावणीला एकटे जाऊ नका, नाखव्यांना घेऊन जा. फ्लॅटवाला आणि कोळी एकाच बाजूने बोलतायत हे बघून समिती थोडी गोंधळते.

नाखवा_चेंदणी

कोलशेतची माणसं आमची नात्यातली आहेत, बोलतो त्यांच्याशी. आधी एकदा सगळ्यांनी जागा बघा. होडीतून बघा, गॅलरीतून नको.

खाडीशेजारी

या रविवारी?

नाखवा_चेंदणी

रविवारी अष्टमी आहे. भांगाचं पाणी, चढणार नाही, तुम्हाला वाटेल जागा भरपूर आहे. पुनवेला या, दुपारच्या भरतीला. पाणी कुठपर्यंत येतं ते बघा आणि मग नकाशावर रेघ मारा. चपला जुन्या घाला.

मंद_वारा

मीही येते. ऐरोलीहून बोट आहे का?

पारसिकचा_बोका

ट्रान्स हार्बर आहे. ठाण्याला उतर, पुढे कोलशेतची बस, आणि बसमधून उतरल्यावर धक्का कुठे ते रिक्षावाल्याला विचार. तो मॉलला नेईल.